पासवर्ड आठवतो, तरी मेल उघडत नाही

दिवाळीनंतरच्या आठवड्यात धुळ्याहून मामांचा फोन आला. "मन्हा मेल उघडी नही राहिना वं माय." मामा निवृत्त शिक्षक, देवपूरला राहतात. मी जळगावला संगणकशास्त्रात पीएचडी करते, म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने मोबाईल दुरुस्त करते. पहिला प्रश्न मी सगळे विचारतात तोच विचारला: पासवर्ड विसरलात का? मामा चिडले. पासवर्ड त्यांच्या डायरीत, पेन्शनच्या कागदांच्या पानावर, सुवाच्य अक्षरात लिहिलेला होता आणि तो बरोबरही होता. पण नवीन फोनवर तो टाकला की मेल कंपनी म्हणायची, हे तुम्हीच आहात याची खात्री करू, नोंदवलेल्या नंबरवर कोड पाठवलाय. तो नंबर मामांनी तीन वर्षांपूर्वी सोडला होता. दुसऱ्या सिमवर स्वस्त प्लॅन मिळाला, जुन्याचा रिचार्ज केला नाही, तो बंद पडला. एवढीच गोष्ट.

मेल कोणत्या कंपनीचा ते सोडा, सगळीकडे साधारण असंच होतं. त्या खात्यात पेन्शनचा पत्रव्यवहार होता, म्युच्युअल फंडाची स्टेटमेंट होती आणि मामी गेल्यानंतर मामांनी ज्यांना हात लावला नव्हता असे तिचे फोटो होते. फोनमधून आपोआप वर चढलेले. फोटोंबद्दल मामा फोनवर काही बोलले नाहीत, ते मला मामेबहिणीने नंतर सांगितलं.

मी तो जुना नंबर लावून पाहिला. जालना जिल्ह्यातल्या एका माणसाने उचलला. भला माणूस होता. म्हणाला, "हो ताई, आठवड्यातून दोन-तीन ओटीपी येतात कोणाचे तरी. मी डिलीट करतो." माझ्या पोटात गोळा आला. कारण मामांना आत जाता येत नव्हतं, पण या माणसाने मनात आणलं असतं तर 'पासवर्ड विसरलो' दाबून, स्वतःच्या हातातल्या फोनवर कोड घेऊन त्याला आत शिरण्याचा प्रयत्न करता आला असता. मेल हातात आला की बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंक तिथेच येतात. फंड, आयआरसीटीसी, डिजिलॉकर, काय म्हणाल ते.

गेल्या काही आठवड्यांत ओळखीतले बरेच जण मला एकच विचारतायत: आपण मेल बदलून झोहोवर जायचं का? त्यावर नंतर येते. आधी मामांचं खातं, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं खातं आत्ता त्याच अवस्थेत असेल आणि तुम्हाला ते माहीत नसेल.

आपण पासवर्डला कुलूप समजतो. पण प्रत्येक खात्याला मागचं दार असतं, 'विसरलात का' नावाचं, आणि ते दार कोणासाठी उघडेल हे पुनर्प्राप्तीसाठी दिलेला नंबर आणि दुसरा मेल पत्ता यावर ठरतं. पासवर्ड आपण निदान अधूनमधून वापरतो. मागचं दार आपण खातं उघडताना एकदा लावलं आणि विसरलो. आपल्याकडे तर ते बऱ्याचदा आपण लावलेलंही नसतं. दहावी-बारावीनंतरच्या ऑनलाइन फॉर्मच्या वेळी नेट कॅफेवाल्याने खातं उघडून दिलं, घाईत स्वतःचाच नंबर टाकला, पासवर्ड म्हणून आपलं नाव आणि १२३. माझ्या वर्गात असे निदान पाच जण होते. त्यात मीही होते.

सोडलेल्या नंबरांवर एक अभ्यास आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या केविन ली आणि अरविंद नारायणन यांनी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या दोन मोठ्या कंपन्यांकडे नव्या ग्राहकांसाठी उपलब्ध असलेले २५९ नंबर तपासले. त्यातले १७१ नंबर कुठल्या ना कुठल्या लोकप्रिय संकेतस्थळावरच्या चालू खात्याला अजून जोडलेले होते. म्हणजे तीनातले जवळपास दोन. आणि १०० नंबरांचा संबंध आधीच फुटून इंटरनेटवर पडलेल्या लॉगिन तपशिलांशी लागत होता. आपल्याकडे नियम असा की बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हा विषय आला होता आणि तिथेही रोख हाच होता की जुन्या नंबरावरचा व्हॉट्सॲपचा डेटा ग्राहकाने स्वतः काढून टाकावा. मामांच्या नंबराला तर तीन वर्षं झाली होती.

पूर्वी मागच्या दाराला नंबरऐवजी प्रश्न असायचे. तुमच्या पहिल्या शिक्षकाचं नाव काय, आवडता पदार्थ कोणता. गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये अशा लाखो उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या आवडत्या पदार्थाचं उत्तर एकाच प्रयत्नात ओळखण्याची शक्यता १९.७ टक्के होती. 'पिझ्झा' म्हटलं की झालं. जळगावात हाच प्रश्न विचारा. पहिल्या प्रयत्नात भरीत, दुसऱ्यात शेवभाजी, तिसऱ्याची गरज पडेल असं मला वाटत नाही. गंमत म्हणजे ३७ टक्के लोकांनी, कोणाला ओळखता येऊ नये म्हणून, मुद्दाम खोटं उत्तर दिल्याचं सांगितलं. पण खोटं बोलतानाही माणसं एकसारखंच खोटं बोलतात, त्यामुळे उत्तरं उलट सोपी झाली. आणि अमेरिकेतल्या इंग्रजी बोलणाऱ्यांपैकी ४० टक्के लोकांना गरज पडली तेव्हा स्वतःचं उत्तर आठवलं नाही. चोराला सोपं, मालकाला अवघड. तुमच्या एखाद्या जुन्या खात्यात असे प्रश्न अजून असतील तर काढून टाका. काढता येत नसतील तर उत्तराच्या जागी काहीही निरर्थक अक्षरं टाका आणि ती पासवर्डसारखीच लिहून ठेवा.

"माझ्या मेलमध्ये आहे काय चोरायला?" हे मला प्रत्येक जण विचारतो. गूगल आणि सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लोकांनी २०१४ मध्ये, यंत्राऐवजी माणसांनी हाताने केलेल्या खातेचोरीचा अभ्यास छापला. फसव्या पानावर पासवर्ड मिळाल्यापासून अर्ध्या तासाच्या आत २० टक्के खात्यांमध्ये चोर शिरलेला होता. आत गेल्यावर हे खातं कामाचं आहे का, हे तो सरासरी तीन मिनिटांत ठरवायचा. शोधपेटीत बँकेशी संबंधित शब्द टाकून. कामाचं असेल तर पुढचं काम ओळखीच्या लोकांना मेल पाठवण्याचं: अडचणीत आहे, पैसे पाठव. ज्याचं खातं चोरीला गेलं त्याच्या यादीतल्या लोकांचं खातं जाण्याची शक्यता इतरांच्या ३६ पट होती. म्हणजे तुमच्या मेलमध्ये चोरायला काही नसलं तरी तुमचं नाव आहे, आणि तुमच्या नावावर विश्वास ठेवणारी माणसं आहेत.

आता सेटिंग. सगळ्यात आधी पुनर्प्राप्तीचा नंबर आणि पत्ता उघडून बघा. चालू आहेत का? तुमचेच आहेत का? पुढचा परिच्छेद नंतर वाचा, मी थांबते.

दुसरी जागा सहसा कोणी बघत नाही: मेल पुढे पाठवण्याची सेटिंग आणि फिल्टर. चोर एकदा आत आला की बऱ्याचदा तिथे एक ओळ टाकून जातो. 'बँक' शब्द असलेला प्रत्येक मेल अमुक पत्त्यावर पाठव आणि इथून उडव. मग तुम्हाला शंका येते, तुम्ही पासवर्ड बदलता आणि निर्धास्त होता. ती ओळ मात्र तिथेच राहते, कारण फिल्टरला पासवर्डशी काही देणंघेणं नाही. म्हणून खात्यात कोणी शिरल्याचा संशय आला तर पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा आणि मग फॉरवर्डिंग, फिल्टर, उत्तराचा पत्ता व परवानगी दिलेली ॲप, हे सगळं डोळ्यांखालून घाला. पैसे गेले असतील तर त्याआधी १९३० ला फोन.

तिसरं, दुहेरी पडताळणी. इथे थोडं शास्त्र सांगते, कारण मला यात मजा येते. एसएमएसने येणारा कोड तिकडून पाठवला जातो. ऑथेंटिकेटर ॲपमधला कोड कोणीही पाठवत नाही. सुरुवातीला तुम्ही जो क्यूआर स्कॅन करता त्यात एक गुपित आकडा असतो. तो तुमच्या फोनमध्ये आणि कंपनीकडे, दोन्हीकडे राहतो. मग दोघंही तो आकडा आणि घड्याळातली वेळ एकत्र करून एका ठरलेल्या गणिती चरकातून काढतात. वेळ ३० सेकंदांच्या तुकड्यात मोजलेली असते. दोन्हीकडे रस सारखाच निघतो: तेच सहा अंक. म्हणून हा कोड रेंज नसतानाही तयार होतो. सातपुड्यात फिल्डवर्कला जाणाऱ्या आमच्या वनस्पतीशास्त्रातल्या मैत्रिणीला मी हे सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसला नव्हता. फोनचं घड्याळ चुकलं तर मात्र कोडही चुकतो.

याचा उपयोग किती होतो? गूगलने २०१९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठ आणि सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाबरोबर केलेल्या अभ्यासाचे आकडे छापले. नुसता एसएमएस कोडसुद्धा यंत्राने होणारे सगळे हल्ले अडवत होता, घाऊक फसव्या मेलमधून होणारे ९६ टक्के, पण ठरवून एका माणसावर केलेले फक्त ७६ टक्के. फोनवर 'तुम्हीच आहात का' असा प्रश्न येतो त्या पद्धतीत शेवटचा आकडा ९० टक्के झाला. यूएसबीसारख्या छोट्या सुरक्षा किल्लीने तिन्ही प्रकारचे हल्ले शंभर टक्के अडवले. कारण साधं आहे. एसएमएसचा असो की ॲपचा, कोड तुम्ही वाचता आणि टाइप करता. म्हणजे फसव्या पानावरही टाइप करू शकता. किल्ली संकेतस्थळाचं नाव स्वतः तपासते. नाव एका अक्षराने वेगळं असेल तर ती गप्प बसते, तुम्ही कितीही घाईत असलात तरी. हल्ली पासकी नावाने जे फोनमध्येच येतं ते याच घराण्यातलं आहे. उपलब्ध असेल तर जरूर घ्या.

आणि दुहेरी पडताळणी सुरू करताना मिळणारे बॅकअप कोड कागदावर उतरवून घ्या. गूगल असे आठ अंकी दहा कोड देतं, एकेक एकदाच चालतो. फोन हरवला, सिम बंद पडलं, तर हेच कामाला येतात. ते फोनच्या गॅलरीत स्क्रीनशॉट म्हणून ठेवू नका, फोनच गेला तर काय? आमच्या घरी ते सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर लोखंडी कपाटात आहेत. तिथून काही हरवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मामांकडे यातलं काहीच नव्हतं. मी रविवारी पारोळामार्गे एसटीने धुळ्याला गेले. जाताना फोनवर एकच सूचना दिली होती: जुना फोन फेकू नका आणि रीसेट तर मुळीच करू नका. तो कपाटात सापडला, काच तडकलेली, चार्ज व्हायला तासभर लागला. घरच्या वायफायला जोडला आणि मेल उघडला! त्या फोनमधून मामा कधी बाहेरच पडले नव्हते. ओळखीचं उपकरण, ओळखीची जागा आणि डायरीतला बरोबर पासवर्ड, एवढ्यावर सेटिंगने आम्हाला नंबर बदलू दिला. आमचं नशीब. बऱ्याच लोकांचा जुना फोन तोवर एक्स्चेंजमध्ये गेलेला असतो. काही कंपन्या नंबर बदलल्यावरही काही दिवस जुन्या नंबरावर कोड पाठवण्याचा पर्याय चालू ठेवतात, म्हणून पुढचा आठवडाभर मी रोज खात्यातल्या हालचाली बघत होते.

आता झोहोचं. ८ ऑक्टोबर २०२५ ला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी आपण झोहो मेलवर गेल्याचं जाहीर केलं आणि नवीन पत्ता सगळ्यांना कळवला. त्याच सुमारास बातमी आली की केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे मेल एनआयसीच्या जुन्या यंत्रणेवरून झोहोच्या यंत्रणेवर हलवले गेले आहेत. कंपनीला हे काम २०२३ मध्ये मिळालं होतं. लोकांनी दोन्ही बातम्या एकच समजून वाचल्या. माझ्या मते त्यांच्यातला फरकच शिकण्यासारखा आहे. मंत्र्यांना नवीन पत्ता जाहीर करावा लागला. लाखो कर्मचाऱ्यांना कोणालाच काही कळवावं लागलं नाही, कारण त्यांचे 'गव्ह डॉट इन' आणि 'एनआयसी डॉट इन' हे पत्ते तेच राहिले.

हे कसं? पत्त्यातलं @ च्या उजवीकडचं नाव म्हणजे डोमेन. जगभरात डोमेनची एक सार्वजनिक नोंदवही असते, डीएनएस. तिच्यात प्रत्येक डोमेनपुढे एक ओळ असते, तिला एमएक्स नोंद म्हणतात: या नावाने आलेलं टपाल अमुक सर्व्हरकडे द्या. सरकारने ही ओळ बदलली की टपाल दुसऱ्या पोस्टात जायला लागतं, घराचा पत्ता तोच. आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं बघा. २०१८ मध्ये विद्यापीठाचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, लेटरहेड बदलली. डोमेन मात्र अजून जुनंच, 'एनएमयू'वालं. त्यामुळे नामांतराआधी छापलेल्या शोधनिबंधातला विद्यापीठाचा पत्ता केवळ नाव बदललं म्हणून खोटा झाला नाही.

तुमच्याआमच्या पत्त्यात उजवीकडे कंपनीचं नाव असतं. ते कंपनीच्या मालकीचं. म्हणून आपण कंपनी बदलतो तेव्हा पत्ताच बदलतो, आणि खरं काम तिथे सुरू होतं. जुने मेल नेणं सोपं आहे: गूगलचं टेकआउट सगळं एमबॉक्स नावाच्या फायलीत देतं, किंवा थंडरबर्डसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये दोन्ही खाती जोडून फोल्डर ओढता येतात. एक रात्र लागेल. अवघड आहे ती माणसं आणि खाती नेणं.

मी स्वतः हे करतेय. माझा दहावीतला पत्ता असा होता की तो मी इथे लिहिणार नाही. परिषदेला सारांश पाठवताना लाज वाटायची. पुढचे चार महिने मी जुना पत्ता चालू ठेवून सगळं नव्याकडे पुढे पाठवत राहिले, आणि जुन्यावर काही आलं की तेवढ्यापुरतं तिथे जाऊन पत्ता बदलत गेले. एका बैठकीत यादी करायला गेलात तर अर्धी विसराल. वर्षातून एकदाच मेल पाठवणारी खाती असतात, विमा, शिष्यवृत्तीचं पोर्टल, शेअरचा डिमॅट. म्हणून निदान एक वर्ष जाऊ द्या. बँक आणि आधार आधी. संशोधक असाल तर ऑर्किडमध्ये दोन पत्ते ठेवा, एक संस्थेचा आणि एक स्वतःचा. पदवी झाली की संस्थेचा पत्ता आज ना उद्या जातो, आणि ऑर्किडचा सोळा अंकी क्रमांक आयुष्यभराचा आहे.

जुनं खातं उडवू नका. याहूने जून २०१३ मध्ये जाहीर केलं की वर्षभर न वापरलेली नावं नव्या लोकांना देऊ. दिली. आणि नव्या मालकांना जुन्यांचे खाजगी मेल यायला लागले, जालन्याच्या त्या माणसाला येतात तसेच. गूगलने डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षं न उघडलेली वैयक्तिक खाती काढायला सुरुवात केली आहे, तेव्हा सहा महिन्यांतून एकदा तरी जुन्या खात्यात डोकावून या. स्वतःचं डोमेन विकत घेतलंत तर कंपनी बदलताना पत्ता बदलायची कटकट कायमची मिटते, पण नूतनीकरण चुकलं की ते नाव दुसरा कोणी घेऊ शकतो आणि मग तुमचं टपालही त्याचंच. दरवर्षी आठवणीने पैसे भरणारा माणूस असाल तरच त्या वाटेला जा.

मग जायचं की नाही? झोहो चेन्नईची कंपनी आहे, तिची मेल सेवा २००८ पासून चालू आहे, नवखी नाही. प्रोटॉन मेल सर्न प्रयोगशाळेत भेटलेल्या शास्त्रज्ञांनी सुरू केली, मजकूर कंपनीलाही वाचता येऊ नये अशी तिची रचना आहे, म्हणून मला ती आवडते. पण एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तिला भारतात बंद करण्याची प्रक्रिया सुरू करण्याचे निर्देश केंद्राला दिले होते, हे माहीत असू द्या. एकच खातं तिथे ठेवायचं असेल तर मी दोनदा विचार करेन. देशी-विदेशी वादात मला पडायचं नाही. एवढं मात्र सांगते की मामा झोहोवर असते, रेडिफवर असते, कुठेही असते आणि जालन्याचा नंबर तिथे नोंदवलेला असता, तर त्या दिवाळीत त्यांचं तेच झालं असतं. आधी मागचं दार, मग घर बदलायचं बघू.

मामांनी शेवटी कंपनी बदलली नाही. नवीन नंबर नोंदवला, दुसरा पुनर्प्राप्तीचा पत्ता म्हणून माझा दिला, आणि माझ्या खात्यात मी त्यांचा दिलाय. बॅकअप कोड त्यांनी डायरीत पासवर्डच्या शेजारीच लिहिले होते. मी म्हटलं, निदान दुसऱ्या पानावर तरी लिहा. त्यांनी ते पान फाडून मामीच्या फोटोच्या फ्रेममागे खोचलं. माझ्या यादीतली अजून दोन खाती जुन्या पत्त्यावर आहेत. एक विमा आणि एक जर्नल, ज्याचा पासवर्ड मला आठवत नाही.